आठ एकतीस, लाल शाईत

क्षयाची औषधे चालू असलेली माणसे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी तो अनेकदा ऐकला आहे. "मी पहिल्यासारखा होईन का?" डॉक्टर हो म्हणतात, घरचे हो म्हणतात आणि रोग्याचा कोणावरच विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता. माझ्यापुरते उत्तर मिळायला दीड वर्ष लागले. ते कसे मिळाले, एवढेच इथे नोंदवतो. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरांना विचारावी.

एक्सरे

त्या दुपारी मी महापालिकेच्या सभेची बातमी लिहीत होतो. औरंगाबादच्या एका मराठी दैनिकात बातमीदार म्हणून चौदा वर्षे झाली होती. वय एकेचाळीस. तीन आठवडे खोकला होता, संध्याकाळी अंग तापायचे, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले होते. चिकलठाणा आणि वाळूज दोन्हीकडे कारखाने वाढत होते, रस्ते उकरलेले होते. शहरात निम्मी माणसे खोकत असत. माझ्या खोकल्याकडे कोणी लक्ष दिले नाही, मीही नाही.

वृत्तसंपादक पाठक कॉपी घ्यायला टेबलापाशी आले आणि म्हणाले, "गाडेकर, कागदावर रक्त पडलंय."

थेंब लहान होता. मी तो कागद फाडून मजकूर पुन्हा लिहायला घेतला.

"मजकूर मी पूर्ण करतो," पाठक म्हणाले. "तू एक्सरे काढून ये."

सरकारी दवाखान्यात डॉ. कादरी नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"ये देखो. उजव्या बाजूला हे पांढरं दिसतंय ना, ते तिथं नको होतं. खाली पाणी पण आहे."

"काय आहे?"

"टीबी."

सवयीने मी खिशातली वही काढली आणि लिहिले: टीबी. उजवी बाजू. पाणी. मग विचारले, "किती महिने?"

"नऊ."

"बरा होतो?"

"गोळ्या रोज घेतल्या तर होतो. मधेच सोडल्या तर माझ्याकडं परत यायचं नाय."

"मग कुणाकडं जायचं?"

"कुणाकडंच नाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले.

आम्ही गुलमंडीच्या मागे दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घर पाच मिनिटांवर असताना मी एका कापड दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो. दुकानदाराने दोनदा "या साहेब" म्हटले. घरी गेलो तेव्हा माझी बायको सुमन नळावर पाणी भरत होती. मी सांगितले. तिने कळशी खाली ठेवली, नळ बंद केला आणि विचारले, "पोरीला होईल का?"

आमची मुलगी आठ वर्षांची होती. सुमनचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हता, याचे त्या वेळी वाईट वाटले. नंतर पटले. पहिला प्रश्न तोच असायला हवा होता.

वॉर्ड

छातीतले पाणी काढण्यासाठी सव्वीस दिवस दवाखान्यात होतो. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला चहा, सातला इंजेक्शन. इंजेक्शन एक दिवस उजव्या बाजूला, एक दिवस डाव्या. दहाला डॉक्टर येत आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत काहीच घडत नसे. बातमीदाराला त्याचा सर्वांत जास्त त्रास होतो.

शेजारच्या खाटेवर यशवंत साळवे होता. वय एकोणतीस, वाळूजच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर, गाव वैजापूरकडचे. तो माझ्या आधी आठ दिवस दाखल झाला होता, म्हणून तो स्वतःला सीनियर समजे. पहिल्या सकाळी मी मोरीतून पांढराफटक होऊन परतलो. लघवी लालभडक झाली होती. मला वाटले, आता मूत्रपिंडही गेले.

साळवे हसला. "बसा. रक्त नाय, गोळीचा रंग हाय त्यो. पहिल्या दिवशी मला बी वाटलं, झालं, आपलं दुकान बंद."

हे मला कोणी आधी सांगितले असते, तर एक सकाळ वाचली असती. म्हणून इथे लिहून ठेवतो. रंग गोळीचा असतो.

आमचे वर्तमानपत्र वॉर्डात येत असे. साळवे ते माझ्या आधी वाचायचा.

"झालं का हो नामांतर?" तो रोज विचारायचा.

"नाही."

"झालं नाय का तुमच्या पेपरात आलं नाय?"

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा प्रश्न तेव्हा पंधरा वर्षे लोंबकळत पडला होता. पहिल्या दंगलीत साळवेच्या मावशीचे घर जळाले, तेव्हा तो शाळेत होता. मी त्याच सुमारास नोकरीला लागलो होतो आणि त्या जाळपोळीच्या बातम्यांचे आकडे टेबलावर बसून जुळवत होतो. मावशीचे गाव त्या आकड्यांत होते का, हे त्याने मला विचारले. मला आठवत नव्हते. तसे सांगितले.

आमचे घर मूळचे गंगापूर तालुक्यातले, मेंढरे राखणाऱ्यांचे. बातमी कळल्यावर आई एसटीने आली. भाकरी, लसणाची चटणी आणि माझ्यासाठी वेगळे ताट घेऊन. ताट इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून तिने त्याच्या काठावर खिळ्याने फुली ओढली होती. तिने ताट वाढले, फरशीवर ठेवले आणि हाताने माझ्याकडे सरकवले. मग पदर नाकाला लावून दाराशी जाऊन बसली. ती रडत होती. तिचे माझ्यावर प्रेम नव्हते, असे कोणी म्हणू नये.

ती गेल्यावर साळवे छताकडे बघत म्हणाला, "गाडेकर साहेब, कसं वाटलं?"

"काय?"

"लांबून सरकवलेलं ताट."

मी ताटाच्या काठावरच्या फुलीवरून अंगठा फिरवला.

"आमच्याकडं त्याला टीबी लागत नाय," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तो हसायला लागला, मग मीही. हसता हसता दोघांनाही खोकल्याची उबळ आली. सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, "मरायचंय का दोघांना? गप पडा."

घर

मुलीला चार महिने वैजापूरला सुमनच्या भावाकडे ठेवले. डॉक्टर म्हणत होत्या की औषधे सुरू झाल्यावर तितकी भीती नसते. आम्ही ऐकले नाही. तो निर्णय दोघांचा होता आणि त्याचा राग आम्ही एकमेकांवर काढला.

सुमन गोळ्या मोजून वाटीत ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. बाकी बोलणे कमी झाले होते. एकदा मी गोळी घ्यायला कंटाळा केला, तेव्हा ती म्हणाली, "शेजारी, दुकानदार, पोरीच्या शाळेतली बाई, सगळ्यांना मी न्यूमोनिया सांगितलाय. दिवसभर खोटं बोलते. घरात तरी खरं बोलायला माणूस ठेवा मला. घ्या ती गोळी."

मी घेतली. त्यानंतर एकही चुकवली नाही.

पाचव्या महिन्यात थुंकीची तपासणी स्वच्छ आली. मुलगी परतली. पहिल्याच दिवशी ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या ताटातली भाकरी मोडून खाऊ लागली. सुमनने पाहिले, मी पाहिले. दुसऱ्या दिवशी फुलीचे ताट मोडीत गेले.

डेस्क

औषधे संपली, डॉ. कादरींनी दाखल्यावर सही केली आणि मी पूर्णवेळ कामावर गेलो. माझी बदली झाली होती. बातमीदारी नाही, उपसंपादन. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, मथळे द्यायचे. ऑफिसात माझा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे.

"बाहेरची धावपळ तुला झेपायची नाही," पाठक म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी दुसरा कोणीही तेच म्हणाला असता.

नामांतराचा निर्णय आता होणार, अशी हवा तयार होत होती. मोर्चे आमच्या खिडकीखालून जात. त्यांच्या बातम्या नवखा बातमीदार लिहून आणायचा आणि मी तपासायचो. एका बातमीत 'हजारो' होते. मी विचारले, "हजारो म्हणजे किती?" त्याला माहीत नव्हते. मलाही नव्हते, कारण मी खुर्चीवर होतो. हा निर्णय लागेल त्या दिवशीही मी खुर्चीवरच असणार, हे त्या दुपारी स्पष्ट दिसले. आजाराने घेतलेले वजन भरून आले होते. ही एक गोष्ट परत आली नव्हती.

त्याच आठवड्यात वाळूजच्या एका कारखान्याचे पत्रक आले. साळवेचाच कारखाना. तिहेरी स्पर्धा, शहरासाठी नवलाईची: तीनशे मीटर पोहणे, लगेच बारा किलोमीटर सायकल, लगेच दोन किलोमीटर धावणे. मुदत दीड तास. बाहेरच्यांसाठी खुला गट. पाठकांनी पत्रक मोठ्याने वाचले आणि विचारले, "हे करणार कोण?"

"मी," मी म्हणालो.

टाइप करणाऱ्यांचे हात थांबले.

"मुदतीत पूर्ण केली तर मला बाहेर पाठवा."

"आणि नाही केलीस तर?"

"डेस्क."

"मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"नाही काढणार."

खांब

डॉ. कादरींना विचारल्याशिवाय मी काही केले नाही. माझ्यासारख्या रोग्यांनी करूही नये. त्यांनी छाती तपासली, नवा एक्सरे पाहिला. "पळा. दम लागला की चाला. चालायला लाज कसली? आणि रक्त दिसलं तर शर्यत गेली खड्ड्यात, इथं यायचं."

हातात चार महिने होते. पहिल्या दिवशी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावलो आणि तिसऱ्याला धरून उभा राहिलो. दुसऱ्या आठवड्यात दोन खांब झाले. वहीत रोजचा आकडा लिहीत गेलो. महिनाभर आकडा सहाच्या पुढे सरकला नाही. मग एका सकाळी अकरा.

साळवे बरा होऊन मशीनवर परतला होता. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. दर शुक्रवारी तो मला कारखान्याच्या वसाहतीतल्या पोहण्याच्या तलावावर घेऊन जाई. मला पोहता येते, असा माझा समज होता. लहानपणी मी गावच्या विहिरीत पोहलो होतो. विहीर गोल असते. तिच्यात माणूस काठाकाठाने फिरतो आणि दमला की दगडाच्या खोबणीत बोटे घालून लटकतो. सरळ पंचवीस मीटर जाण्याचा प्रसंग आयुष्यात आला नव्हता. मी डोके खाली घालून हात मारायला लागलो की दहा हातांत डावीकडे वळत असे.

"अहो साहेब, मोट धरलीय का काय तिथं?" साळवे काठावरून ओरडे. "विहीर नाय ती! सरळ या, सरळ!"

सुमन पहिला आठवडा बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "मेलात तर मी पेपरात बातमी द्यायची नाय." तिसऱ्या आठवड्यात सायकलच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू सापडले.

शर्यत

स्पर्धा रविवारी होती, कारण बाहेरच्यांना रविवारी सवड असते. कारखाना त्या दिवशी चालू होता. शेवट कारखान्याच्या गेटवर, टाइम ऑफिसपाशी. वेळ मोजण्यासाठी आयोजकांनी कामगारांचेच हजेरीचे मशीन वापरायचे ठरवले होते. प्रत्येक स्पर्धकाला कामगारासारखे जाड कागदाचे कार्ड. ते मशीनमध्ये घातले की टक् आवाज होतो आणि वेळ उमटते. साडेआठपर्यंतची वेळ काळ्या शाईत, आठ एकतीसपासून लाल. जनरल शिफ्टची वेळ साडेआठची असल्याने मशीन तसे लावलेले होते. स्पर्धा सातला सुरू करून मुदत साडेआठचीच ठेवली, म्हणजे निकालही शाईवरून कळणार.

त्याच मशीनवर त्याच वेळी जनरल शिफ्टचे कामगार येणार, हे पर्सोनेल मॅनेजर भोसल्यांना माहीत होते. सगळे स्पर्धक आठ-सव्वाआठपर्यंत संपवतील, असा त्यांचा अंदाज होता. पळणाऱ्यांबद्दल तो बरोबर होता. माझ्यासारख्याचा विचार त्यात नव्हता.

आम्ही चौदा जण होतो. पाण्यात उतरल्यावर तिसऱ्या फेरीत मी दोरीखालून शेजारच्या रांगेत शिरलो. कॉलेजातला एक पोहणारा तोंड वर काढून म्हणाला, "काका, तुमची लेन तिकडं." मी माफी मागितली. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा सात वाजून अठरा मिनिटे झाली होती आणि तलावात मी एकटा होतो.

सायकल माझी रोजची, काळी, मागे कॅरियर, पुढे घंटी. गंगापूर रस्त्याने सहा किलोमीटर जाऊन वळायचे. जाताना बरे गेले. परतताना थंडीतला पूर्वेचा वारा समोरून आला आणि उसाच्या ट्रॉल्या शेजारून. छाती भात्यासारखी चालत होती. मी प्रत्येक श्वासागणिक आत काही टोचते का ते पाहत होतो. टोचत नव्हते. जळत होते, पण ते पायांत.

वाळूजच्या फाट्यावर स्वयंसेवकाने लाल झेंडा आडवा धरून वाहतूक थांबवली होती. शेवटचा सायकलस्वार जाईपर्यंत सोडायची नाही, असा त्याला हुकूम होता. माझ्या पुढचा स्पर्धक जाऊन बारा मिनिटे झाली होती. फाट्यावर ट्रॉल्या, टेम्पो, जीप आणि कारखान्याच्या तीन बस एकामागे एक तुंबल्या होत्या. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

"अरे, ह्यांच्यासाठी थांबवलंय व्हय आपल्याला?"

"काका, उतरा, आम्ही ढकलतो!"

"काका, घंटी तरी वाजवा!"

मी घंटी वाजवली. तिन्ही बसमधून आरोळी उठली. दुसऱ्या बसच्या खिडकीत साळवे होता. "गाडेकर साहेब, मागं बघू नका! मागं कुणीच नाय!"

धावायला सुरुवात केली तेव्हा आठ वाजून आठ मिनिटे झाली होती. स्वयंसेवकाने माझे कार्ड हातात दिले. अठ्ठेचाळीस खांब होते, आधी मोजून ठेवले होते. मी चार खांब धावत होतो, एक चालत होतो. तिसाव्या खांबापाशी एक म्हातारा पहारेकरी स्टुलावर बसला होता. तो म्हणाला, "चलो मियाँ, हो गया, हो गया." अठरा खांब बाकी होते, तरी त्याचे ऐकून मी पुढचे सहा चाललो नाही.

रांग

गेटच्या आत शिरलो तेव्हा टाइम ऑफिसच्या घड्याळात आठ सत्तावीस झाले होते. मी वेळेत होतो. तीन मिनिटे हातात होती. आणि मशीनपुढे रांग होती.

एरवी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या तिन्ही बस फाट्यावरून एकदम सुटल्या होत्या, ट्रॉल्यांच्या मागे रखडत आल्या होत्या आणि नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या. आधीचे कामगार आत गेले होते. रांगेत अजून तीसेक जण होते, हातात कार्डे धरून, मान उंच करून घड्याळाकडे बघत. महिन्यात तीन लाल शिक्के झाले की कामगाराला मेमो मिळत असे आणि पगारही कापला जाई.

भोसल्यांनी कर्णा तोंडाला लावला. "वाट द्या, वाट द्या! शेवटचे स्पर्धक आहेत, त्यांना आधी येऊ द्या!"

रांग दोन बाजूंना सरकली. कोणी कुरकुर केली नाही. "या काका, घुसा," एक जण म्हणाला. दुसऱ्याने पाठीवर हात ठेवला. रांगेच्या शेवटी साळवे उभा होता. त्याला त्या महिन्यात दोन लाल आधीच मिळाले होते, दोन्ही दवाखान्यातल्या तपासणीमुळे. लांब आजारपणानंतर कामावर घेतलेल्या माणसाला मेमो परवडत नाही, हे त्यानेच मला सांगितले होते.

मशीन एका माणसाला पाचेक सेकंद घेते. तीस माणसे म्हणजे अडीच मिनिटे. हिशेब काठावर होता. मी पुढे घुसलो तर रांगेतला शेवटचा माणूस लालमध्ये जाऊ शकत होता. ही माणसे उशिरा आली होती ती माझ्यासाठी रस्ता अडवला म्हणून.

मी साळवेच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"येडे झालात का?" तो म्हणाला. "जा पुढं!"

"तुझा तिसरा आहे."

"अन् तुमचं काय ठरलंय पाठकांशी?"

"रांग पुढं गेली बघ. सरक."

"चार महिने काय गोट्या खेळलो व्हय मी तुमच्यासंगं तलावावर?" त्याने माझा दंड धरून ओढले. मी हललो नाही. मी दमलेला होतो, पण धनगराचा मुलगा आहे. अडून उभे राहायचे म्हटले तर आम्हाला मेंढरांनीच शिकवलेले असते.

कर्ण्यातून भोसले अजून बोलत होते. रांग टक्, टक् करत पुढे गेली. कोणीतरी मोठ्याने माणसे मोजायला लागले, मग सगळेच मोजू लागले. जे आत गेले होते तेही आतून वळून उभे राहिले. साळवेने कार्ड घातले. टक्. त्याने ते माझ्यासमोर धरले. आठ तीस, काळे.

मी माझे कार्ड घालेपर्यंत घड्याळाचा काटा सरकला. टक्. आठ एकतीस. लाल.

मग आतून, बाहेरून, छपराखालून शिट्ट्या आणि टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या आलेल्यालाही एवढ्या मिळाल्या नव्हत्या. त्याच्या वेळी तिथे कोणी नव्हते. साळवे डोळे पुसत मला शिव्या देत होता. त्या इथे छापता येणार नाहीत.

सुमन मुलीला घेऊन गेटबाहेर उभी होती. ती येणार असल्याचे मला माहीत नव्हते.

"लाल आलं?" तिने विचारले.

"आलं."

"उभे आहात ना?"

"आहे."

"बस्स मग," ती म्हणाली आणि माझ्या हातातले कार्ड घेऊन ते स्वतःच्या पर्समध्ये ठेवले.

कॉपी

दुपारी ऑफिसात जाऊन मी स्पर्धेची बातमी लिहिली. पहिले तीन क्रमांक, त्यांच्या वेळा, बक्षीस देणाऱ्यांचे नाव. शेवटची ओळ: 'एक स्पर्धक निर्धारित मुदतीत अंतर पूर्ण करू शकला नाही.'

पाठकांनी वाचले. "हा एक कोण?"

"मी."

"म्हणजे डेस्क."

"हो."

मी जागेवर जाऊन बसलो. वाईट वाटत होते का, असे कोणी विचारले तर हो. पण ते वाईट वाटणे धडधाकट माणसाचे होते. चौदा महिन्यांपूर्वी मी एक खांब पळालो नसतो. पाय दुखत होते आणि मला भूक लागली होती.

पाऊण तासाने पाठकांनी हाक मारली. बातमी नीट यावी म्हणून भोसल्यांचा फोन आला होता आणि त्यांनी कौतुकाने रांगेची हकिगत सांगितली होती.

"रांग होती. हे कॉपीत का नाही?"

"ते माझ्याबद्दल होतं."

"तुझ्याबद्दल?" पाठकांनी चष्मा काढला. "स्पर्धेसाठी कामावर जाणाऱ्यांचा रस्ता अडवला. तीन बस तुंबल्या. शिफ्टच्या मशीनवर शर्यतीचा शेवट ठेवला. कुणाला लाल बसलं असतं तर पगार कुणाचा कापला गेला असता? भोसल्यांना विचारलंस?"

"नाही."

"कामगारांना?"

"नाही."

"ही बातमी आहे. तू लिहिलंस ते पत्रक आहे. चौदा वर्षं काय शिकलास?"

मी उभा होतो.

"उभा काय राहिलास? जा. विचारून ये."

"वाळूजला?"

"मग काय, ते इथं येणार आहेत?"

अट काय होती, ते दोघांनाही आठवत होते. पाठकांनी चष्मा लावला आणि दुसरी कॉपी ओढून घेतली. "साडेसातच्या आत मजकूर हवा," ते मान खाली घालूनच म्हणाले. "आणि उद्यापासून सकाळच्या मीटिंगला येत जा. बातमीदारांच्या."

मी सायकलवरून पुन्हा वाळूजला गेलो. जाताना वारा मागून होता. सात वीसला बातमी दिली. ती पहिल्या पानावर खाली आली आणि भोसले माझ्यावर महिनाभर रागावले होते.

संक्रांत

त्यानंतर थोड्याच दिवसांत, संक्रांतीला, नामांतराची घोषणा झाली. मी सकाळी आठला घरातून निघालो. क्रांती चौकातून विद्यापीठाच्या कमानीपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बंदोबस्त कडक होता, काही गल्ल्यांतली दुकाने बंद होती. कमानीपाशी बाया कमानीच्या दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावत होत्या. एक म्हातारी नुसती बसून होती. तिला विचारले, "कुठून आलात?" तिने गावाचे नाव सांगितले आणि म्हणाली, "चालत आले, लेका. गाडीनं आले असते तर कळलं नसतं." मी ते तसेच लिहून घेतले.

साळवे गर्दीत निळा फेटा बांधून नाचत होता. त्याने मला ओढले. मी ड्यूटीवर असल्याचे सांगितले. "वही खिशात ठेवा की दोन मिनिटं!" तो ओरडला. मी ठेवली. दोन मिनिटे, घड्याळ लावून नाही.

संध्याकाळी सहाला ऑफिसात येऊन तीन कॉलम लिहिले. किती लोक होते, ते मला माहीत होते. रात्रीच्या जेवणाला घरी गेलो, तेव्हा सुमनने रोजच्यासारखे विचारले, "छातीचं काय?"

मी काय सांगावे याचा विचार करू लागलो आणि लक्षात आले की सकाळपासून एकदाही छातीची आठवण झाली नव्हती.

डॉ. कादरींच्या कागदावर उपचार संपल्याची तारीख वेगळी आहे. मी ही धरतो.